माणशी साडेपाचशे

गुहागर ते वेंगुर्ला, अकरा दिवस, किनाऱ्याकिनाऱ्यानं.
ओटीवर जुनी वर्तमानपत्रं पसरलीयत
आणि मुकादमांच्या दुकानातून मागून आणलेला काटा,
ज्याचं डावं पारडं मूळचंच जरा उर्मट.
म्हणून उजव्यात एक चिंचोका.

माणशी, दर दिवशी, साडेपाचशे ग्रॅम.
कमी घेतलं की माणूस चौथ्या दिवशी भांडतो,
जास्त घेतलं की पहिल्याच घाटीला.

नारळ नको. करवंटी फुकट वाहायची.
खोबरं किसून, भाजून, डब्यात दाबून.
तांदूळ नको, शिजेपर्यंत अर्धी बाटली रॉकेल पितो.
जाडे पोहे, भाजलेले. नाचणीचं सत्त्व. आमसुलं मूठभर.
कुळथाच्या पिठीच्या पुड्या, प्रत्येकीत
मीठ आणि मिरचीपूड आधीच घातलेली,
कारण दिवसभर पुळण तुडवून आल्यावर
मीठ कुठल्या कप्प्यात, या एका प्रश्नावर
चांगली चांगली मैत्री मोडते.

सुकट वेगळी, तीन पिशव्यांत एकावर एक.
गेल्या खेपेला एकच होती.
सहा दिवस आम्ही जवळ्याच्या वासाचा गूळ खाल्ला.
सातव्या दिवशी तो आवडायला लागला.

विश्राम माझ्याच शाळेत गणित शिकवतो, मी भूगोल.
वाट माझी, वजनं त्याची, अशी वाटणी.
नाव विश्राम, पण हा माणूस बसत नाही.
हेदवीच्या चढावर मी धापा टाकत असताना
उभ्या उभ्या मला उरलेल्या किलोमीटरांचे भाग पाडून सांगतो.

गेल्या माघात मुसाकाजीला होडी बंद.
तांडेलाच्या मेव्हण्याचं लग्न, इंजिनाचा पट्टा तुटलेला,
कारणं दोन मिळाली, होडी एकही नाही.
पलीकडे जैतापूरचे दिवे.
वारा फिरला की कुणाच्या तरी घरचं तळण
पाण्यावरून चालत यायचं आमच्यापर्यंत.
दीड दिवस.
नवव्या दिवसाचं आम्ही सातव्याला फोडलं.
विश्राम म्हणे, मला नको, पोट जड आहे,
मघाशी शहाळ्यातली मलई खाल्ली ना.
मी खाल्लं. भूक लागली की मी फार चौकशा करत नाही.

पण सॅक रोज साडेपाचशेनं हलकी व्हायला हवी.
देवगडच्या पुढे ती हलकी होईना.
मला वाटलं खांदे, मला वाटलं वय,
चढाला दोष दिला, वाळूला दिला.
घरी आल्यावर सॅक उलटी केली याच ओटीवर.
शिल्लक शून्य हवी, खरं तर उणे.
भरली एक किलो नव्वद.
त्यात पिठीच्या तीन पुड्या अशा,
ज्यांना दोरा दोनदा फिरवून मध्येच मोडलेली गाठ.
माझी गाठ तशी नसते.

विचारलं तर म्हणाला, काट्यात दोष आहे.
त्याच्या घड्याळाचा पट्टा
एका नव्या, खिळ्यानं पाडलेल्या भोकात अडकवलेला होता.
तेव्हापासून हा चिंचोका.

यंदा कागद मी लिहिलाय.
पोहे, पिठी, सत्त्व, गूळ, खोबरं,
सगळ्यांच्या खाली, बारीक अक्षरात, आणखी एक ओळ:
खोटं. दर दिवशी शंभर ग्रॅम. माझ्या पाठीवर.

संध्याकाळी तो आला, चहा उभ्यानंच घेतला,
कागदाची घडी पडली होती, शेवटची ओळ तिच्यात गेलेली,
तेवढी सोडून पेन्सिलीनं बेरीज केली,
मग बांधलेल्या पुड्या एकेक करून पारड्यात घातल्या.
अकराशेनं चुकतंय तुझं, म्हणाला.

मी म्हटलं, काट्यात दोष आहे.

त्यानं चिंचोका उचलला, उजेडात धरून पाहिला,
आणि होता तिथे ठेवला.